समविद्युत बिंदू आणि आम्लता: अमिनो आम्लापासून प्रथिनापर्यंत

जीवरसायन नव्यानं शिकणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. एखाद्या प्रथिनाचा समविद्युत बिंदू ४.७ आहे, म्हणजे ते आम्लधर्मी झालं, मग ७.४ पीएचच्या रक्तात ते आम्लासारखं वागतं का? पहिलं विधान ढोबळमानानं बरोबर आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलटं आहे. ७.४ पीएचला त्या प्रथिनाच्या आम्ल गटांनी आपले प्रोटॉन कधीच सोडून दिलेले असतात. तिथं ते ऋणप्रभारित असतं, आणि प्रोटॉन देण्यापेक्षा घेण्याच्या स्थितीत असतं.

गोंधळ होतो तो दोन वेगळ्या गोष्टी एकच मानल्यामुळे. आम्लता हा रेणूवरच्या एकेका गटाचा गुण आहे. समविद्युत बिंदू हा त्या सगळ्या गटांचा जमाखर्च शून्यावर येतो तो पीएच आहे. एवढं पक्कं धरलं की पुढचं बरंचसं साध्या बेरजेवर सुटतं. कागद-पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर जवळ असू द्या.

पायरी १ : पीएच, पीकेए आणि पीआय वेगळे ठेवा

पीएच, म्हणजे शाळेच्या पुस्तकातला सामू, हा द्रावणाचा असतो. पीकेए हा गटाचा असतो. पीआय, म्हणजे समविद्युत बिंदू, हा अख्ख्या रेणूचा असतो. तिन्ही एकाच पट्टीवर मोजले जातात, म्हणूनच त्यांची सरमिसळ होते. ही पट्टी सोरेनसन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि तीही विकरांवर (एन्झाइमांवर) काम करताना. म्हणजे पीएच आणि प्रथिनं यांचं नातं पहिल्या दिवसापासूनचं आहे.

पीकेए वाचायचा कसा? द्रावणाचा पीएच गटाच्या पीकेएइतका असेल, तर त्या गटांपैकी निम्म्यांवर प्रोटॉन असतो आणि निम्म्यांनी तो सोडलेला असतो. पीएच एका अंकानं वर गेला की सुमारे ९१ टक्के गट प्रोटॉन सोडून बसतात, दोन अंकांनी वर गेला की सुमारे ९९ टक्के. खाली उतरलात तर हेच उलट्या दिशेनं. सूत्रात लिहायचं तर, प्रोटॉन सोडलेला अंश = १ ÷ (१ + १०^(पीकेए − पीएच)). पुढे एकदाच, पण नेमक्या जागी, हे सूत्र लागणार आहे.

आता प्रभाराचं बघू. कार्बोक्सिल गटावर प्रोटॉन असताना प्रभार शून्य असतो, तो सुटला की −१. अमिनो गटावर प्रोटॉन असताना +१, सुटला की शून्य. दोन्ही गट प्रोटॉनच सोडतात, फक्त सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करतात. तक्त्यात अमिनो गटासमोर ९ किंवा १० असा पीकेए दिसतो, तो त्या गटाच्या प्रोटॉनयुक्त रूपाचा असतो. आकडा मोठा याचा अर्थ तो गट प्रोटॉन घट्ट धरून ठेवतो, म्हणजे आम्लारी म्हणून प्रबळ आहे. इथं चूक झाली तर पुढची सगळी गणितं उलटी पडतात, म्हणून या परिच्छेदावर थोडा जास्त वेळ घालवायला हरकत नाही.

पायरी २ : ग्लायसिनपासून सुरुवात करा

ग्लायसिनला पार्श्वसाखळी, म्हणजे एका अमिनो आम्लाला दुसऱ्यापासून वेगळं करणारा भाग, म्हणून एक हायड्रोजन आहे, बस्स. प्रोटॉन देणारे गट दोनच: कार्बोक्सिल, पीकेए २.३४, अमिनो, पीकेए ९.६०.

खूप आम्ल द्रावणात, समजा पीएच १ ला, दोन्ही गटांवर प्रोटॉन आहे. एकूण प्रभार +१. पीएच वाढवत २.३४ ओलांडलं की कार्बोक्सिल आपला प्रोटॉन सोडतो आणि एकूण प्रभार शून्य होतो. ९.६० ओलांडलं की अमिनो गटही सोडतो, आता प्रभार −१. शून्य प्रभाराचं रूप या दोन आकड्यांच्या मध्ये आहे, आणि त्या पट्ट्याचा नेमका मध्य म्हणजे पीआय:

(२.३४ + ९.६०) ÷ २ = ५.९७

या शून्याचा अर्थ "प्रभारच नाही" असा घेऊ नका. कार्बोक्सिलवर −१ आहे, अमिनोवर +१ आहे, बेरीज शून्य आहे. अशा दुहेरी रूपाला झ्विटरआयन म्हणतात. ५.९७ पीएचला ग्लायसिनचे सुमारे ९९.९५ टक्के रेणू याच रूपात असतात. घन ग्लायसिनमध्येही हेच रूप असतं. म्हणून तर ते मिठासारखं वागतं आणि २३० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलं की वितळण्याऐवजी विघटित होऊ लागतं. त्याच्याच आकाराच्या आसपासचं ॲसेटिक आम्ल साधारण १६.६ अंशांना वितळतं.

ॲसेटिक आम्ल निघालंच आहे तर आणखी एक तुलना करून घेऊ. त्याच्या कार्बोक्सिलचा पीकेए ४.७६ आहे आणि ग्लायसिनच्या कार्बोक्सिलचा २.३४. जवळजवळ अडीच अंकांचा, म्हणजे अडीचशे पटींच्या घरातला फरक. कारण शेजारी बसलेला धनप्रभारित अमिनो गट. तो कार्बोक्सिलकडून इलेक्ट्रॉन ओढतो आणि प्रोटॉन सुटल्यावर उरणाऱ्या ऋणप्रभाराला आधार देतो. म्हणजे गटाची आम्लता त्याच्या शेजारावरही ठरते. प्रथिनांत शिरल्यावर हा मुद्दा पुन्हा समोर येईल.

पीआय ७ का नाही, असंही विचारतात. ७ हा पाण्याचा उदासीन बिंदू आहे, ग्लायसिनशी त्याचा काही करार नाही. ग्लायसिनचा कार्बोक्सिल आम्ल म्हणून जितका प्रबळ आहे, तितका त्याचा अमिनो गट आम्लारी म्हणून प्रबळ नाही. म्हणून संतुलन ७ च्या जरा खाली येतं. साध्या पार्श्वसाखळीच्या बहुतेक अमिनो आम्लांचा पीआय याच कारणानं ६ च्या आसपास सापडतो.

पायरी ३ : तिसरा गट आला की शिडी मांडा

खरी कसोटी इथं आहे. ॲस्पार्टिक आम्लाचे तीन पीकेए आहेत: १.८८ (मुख्य कार्बोक्सिल), ३.६५ (पार्श्वसाखळीतला कार्बोक्सिल) आणि ९.६० (अमिनो). तिघांची सरासरी काढली तर ५.०४ येते, आणि ती साफ चुकीची आहे. परीक्षेत सर्वांत जास्त गुण जातात ते याच सरासरीत.

बरोबर रीत अशी. सगळ्या गटांवर प्रोटॉन आहे असं धरा आणि एकूण प्रभार लिहा. मग पीकेए चढत्या क्रमानं लावून प्रत्येक टप्प्यावर प्रभारातून १ वजा करत जा. ज्या दोन पीकेएंच्या मध्ये प्रभार शून्य आहे, फक्त त्या दोघांची सरासरी घ्या.

ॲस्पार्टिक आम्ल:
+१ → (१.८८) → ० → (३.६५) → −१ → (९.६०) → −२
पीआय = (१.८८ + ३.६५) ÷ २ = २.७७

लायसिन:
+२ → (२.१८) → +१ → (८.९५) → ० → (१०.५३) → −१
पीआय = (८.९५ + १०.५३) ÷ २ = ९.७४

हिस्टिडिन:
+२ → (१.८२) → +१ → (६.००) → ० → (९.१७) → −१
पीआय = (६.०० + ९.१७) ÷ २ = ७.५९

आर्जिनिन स्वतः करून बघा: २.१७, ९.०४ आणि १२.४८. उत्तर १०.७६ यायला हवं. वेगवेगळ्या पुस्तकांत पीकेएचे आकडे दुसऱ्या दशांश स्थळी थोडे हलतात, त्याची काळजी करू नका.

सिस्टीन आणि टायरोसिन यांच्याकडे जरा निरखून बघा. सिस्टीनच्या पार्श्वसाखळीचा गट प्रोटॉन सोडणाराच आहे, पण त्याचा पीकेए ८.१८. शिडीत तो दुसऱ्या पायरीवर येतो आणि पीआय ५.०७ निघतो. टायरोसिनचा ५.६६. म्हणजे पार्श्वसाखळीत आम्ल गट आहे एवढ्यावरून पीआय २-३ च्या घरात जाईलच असं नाही. तो गट किती सहज प्रोटॉन सोडतो हेही बघावं लागतं.

पायरी ४ : पीआयला पीएचशेजारी ठेवा

पीआय एकटा फारसं काही सांगत नाही. त्याच्याशेजारी द्रावणाचा पीएच ठेवला की तो बोलायला लागतो. पीएच पीआयच्या खाली असेल तर रेणू धन, वर असेल तर ऋण. कारण सरळ आहे: पीएच खाली म्हणजे प्रोटॉनांची रेलचेल, म्हणून ते गटांवर चढून बसतात.

७ पीएचला ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लं ऋण असतात, लायसिन आणि आर्जिनिन धन. हिस्टिडिनचा पीआय ७.५९ असला तरी ७ ला त्याच्या पार्श्वसाखळ्यांपैकी दहा टक्क्यांच्या आसपासच धन असतात, कारण तिचा पीकेए ६.०० आहे. शरीराच्या पीएचच्या इतक्या जवळ पीकेए असलेले पार्श्वगट फार थोडे आहेत. विकरांच्या क्रियास्थानी हिस्टिडिन वारंवार भेटतं ते त्यामुळेच: पीएच जरासा हलला तरी ते प्रोटॉन घेऊ किंवा देऊ शकतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाला लागूनच येणारा आणखी एक प्रश्न. पीआयवरून बाटलीतल्या द्रावणाचा पीएच कळतो का? शुद्ध ग्लुटामिक आम्ल (पीआय ३.२२) शुद्ध पाण्यात विरघळवलं तर द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास येतो, आणि पीआयनंच पीएच ठरवला असं वाटू लागतं. पण त्याच ग्लुटामिक आम्लाचं मोनोसोडियम लवण घ्या. द्रावण जवळजवळ उदासीन येतं. लायसिनचा पीआय ९.७४, पण ते बाजारात बहुधा हायड्रोक्लोराइड म्हणून मिळतं आणि त्याचं द्रावण ५ ते ६ पीएचचं, म्हणजे किंचित आम्ल असतं. रेणू तोच, पीआय तोच. सोबत कोणता आयन आला आहे त्यावर द्रावणाचा पीएच बदलला. बाटलीवरचं नाव पूर्ण वाचायची सवय लावा. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, बनवताना लायसिन आणि लायसिन हायड्रोक्लोराइड यांच्यात गफलत झाली तर पीएच कुठल्या कुठे जातो.

पायरी ५ : छोट्या पेप्टाइडवर हात बसवा

अमिनो आम्लं साखळीत जोडली गेली की पेप्टाइड तयार होतं, आणि त्यांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधात अडकलेले अमिनो आणि कार्बोक्सिल गट हिशेबातून बाद होतात. उरतात दोन टोकं आणि पार्श्वसाखळ्या. टोकांचे पीकेएही बदलतात, कारण आता शेजारी विरुद्ध प्रभार नाही. पेप्टाइडमध्ये अमिनो टोकासाठी साधारण ८.०, कार्बोक्सिल टोकासाठी ३.५, ग्लुटामिकसाठी ४.३, हिस्टिडिनसाठी ६.० आणि लायसिनसाठी १०.५ धरू.

पेप्टाइड घेऊ: ग्लायसिन–ग्लुटामिक–लायसिन–ग्लुटामिक–हिस्टिडिन. सगळे प्रोटॉन चढलेले असताना अमिनो टोक, लायसिन आणि हिस्टिडिन मिळून +३. शिडी अशी:

+३ → (३.५) → +२ → (४.३) → +१ → (४.३) → ० → (६.०) → −१ → (८.०) → −२ → (१०.५) → −३

सरासरी: (४.३ + ६.०) ÷ २ = ५.१५. आता पडताळा घेऊ. पायरी १ मधलं सूत्र वापरून ५.१५ पीएचला प्रत्येक गटाचा प्रभार काढा. ऋण बाजूला कार्बोक्सिल टोक ०.९८ आणि दोन ग्लुटामिक मिळून १.७५, एकूण २.७३. धन बाजूला अमिनो टोक आणि लायसिन जवळजवळ पूर्ण २, हिस्टिडिन ०.८८, एकूण २.८८ च्या जरा खाली. म्हणजे जवळपास +०.१५ शिल्लक राहिलं! शून्य आलंच नाही. पीएच थोडा थोडा वाढवत गेलात तर शून्य ५.३४ ला सापडतो.

कुठे बिनसलं? सरासरीची रीत गृहीत धरते की शून्याच्या दोन्ही बाजूंना एकेकच गट काम करतो आहे. इथं खालच्या बाजूला एकाच पीकेएचे दोन गट आहेत, दोघंही थोडा थोडा प्रोटॉन धरून आहेत. एकट्या अमिनो आम्लासाठी सरासरी पुरते. समान गट वाढले की ती केवळ अंदाज देते, आणि मग प्रत्येक गटाचा अंश काढून बेरीज शून्य होईपर्यंत पीएच सरकवावा लागतो. पीआय काढणारी संगणकीय साधनं मुळात हेच करतात. स्प्रेडशीटमध्ये हे पाच मिनिटांत मांडता येतं, आणि माझ्या मते एकदा तरी स्वतः मांडावं.

पायरी ६ : प्रथिनाचा कल ओळखा

शेकडो अमिनो आम्लांच्या प्रथिनात पहिला अंदाज मोजणीनं येतो. ॲस्पार्टिक आणि ग्लुटामिक किती, लायसिन आणि आर्जिनिन किती? पहिली जोडी जास्त असेल तर पीआय ७ च्या खाली, दुसरी जास्त असेल तर वर. जठरातल्या पेप्सिनमध्ये आम्ल गट भरपूर आणि आम्लारी गट अगदी मोजके, त्यामुळे त्याचा पीआय ३ च्याही खाली आहे. रक्तातल्या अल्ब्युमिनचा ४.७ च्या आसपास, हिमोग्लोबिनचा ७ च्या किंचित खाली, सायटोक्रोम-सीचा १० च्या वर, अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या लायसोझाइमचा ११ च्या घरात. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनंही लायसिन-आर्जिनिननं भरलेली असतात. डीएनएचा कणा ऋण, हिस्टोन धन, म्हणून ती पकड बसते.

मोजताना ॲस्पराजिन आणि ग्लुटामिन यांना आम्लांत धरू नका. नावं सारखी असली तरी त्यांच्या पार्श्वसाखळीत अमाइड आहे, ते प्रोटॉन सोडत नाही. या फरकाची किंमत जिलेटिनमध्ये दिसते. कोलॅजेनवर आम्लाची प्रक्रिया करून बनवलेल्या जिलेटिनचा पीआय साधारण ७ ते ९ असतो, आणि अल्कलीची प्रक्रिया करून बनवलेल्याचा ५ च्या आसपास. अल्कलीच्या प्रक्रियेत अमाइड तुटून त्यांचे कार्बोक्सिल होतात. मूळ प्रथिन एकच, पण पीआय दोन ते चार अंकांनी खाली.

एका अमिनो आम्लाच्या बदलानंही पीआय हलतो. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. बीटा साखळ्या दोन, म्हणजे रेणूमागे दोन ऋणप्रभार गेले आणि पीआय सुमारे ०.२ नं वर सरकला. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विद्युतदाबाखाली रेणू प्रभारानुसार सरकवण्याच्या पद्धतीत, दोन्ही हिमोग्लोबिन वेगळी धावताना दाखवली. नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललं आहे हे व्हर्नन इनग्रॅम यांनी त्यानंतर काही वर्षांनी शोधलं. प्रभारातला फरक आधी सापडला, त्याचं कारण नंतर.

मोजणीची मर्यादाही इथंच सांगायला हवी. घडी पडलेल्या प्रथिनात गट मोकळ्या पाण्यात नसतात. लायसोझाइममध्ये ३५ व्या जागी असलेल्या ग्लुटामिकचा पीकेए ६ च्या जरा वर आहे, नेहमीच्या ४.३ च्या आसपास नाही, कारण त्याच्याभोवतीचा खळगा पाण्यापासून बराच आडोशाला आहे आणि तिथं ऋणप्रभार घेऊन बसणं त्याला महाग पडतं. शेजाराचा परिणाम, ग्लायसिनमध्ये पाहिलेला तोच, फक्त उलट्या दिशेनं. शिवाय फॉस्फेट गट जोडला गेला तर पीआय खाली जातो, आणि अमिनो टोकावर ॲसेटिल बसलं तर एक धनप्रभार कमी होतो.

पायरी ७ : प्रयोगशाळेत वापरा

पीआयला प्रथिनाच्या रेणूंमधलं परस्पर प्रतिकर्षण सर्वांत कमी असतं, म्हणून ते एकत्र येऊन गाळ होण्याची शक्यता सर्वांत जास्त. दाखवायला सोपं प्रथिन म्हणजे केसीन. साय काढलेलं दूध पाण्यानं पातळ करा, पीएच मीटर लावा (सुरुवातीला ६.६ च्या आसपास दिसेल) आणि ढवळत ढवळत विरल ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबानं घाला. ४.६ जवळ आला की पांढरे गोळे खाली बसतात. गाळून घेतलेल्या केसीनचा थोडा भाग पाण्यात घेऊन विरल सोडियम हायड्रॉक्साइडनं ७ पर्यंत न्या, तो विरघळतो. दुसरा भाग हायड्रोक्लोरिक आम्लानं २ पर्यंत उतरवा, तोही विरघळतो. आम्लामुळे केसीन साकळतं असं धरून बसलेल्यांना हा दुसरा भाग जरूर दाखवा. एका बाजूला ते ऋण होऊन विरघळलं, दुसऱ्या बाजूला धन होऊन. मात्र प्रत्येक प्रथिन पीआयला असं खाली बसेलच असं नाही. दुधातलीच निवळीची प्रथिनं ४.६ ला द्रावणात राहतात.

प्रथिनं प्रभारावरून धरून वेगळी करणारा आयन-विनिमय स्तंभ निवडताना बफरचा पीएच पीआयपासून निदान एक अंक दूर ठेवा. पीएच ८ ला अल्ब्युमिन ऋण आहे, त्याला डीईएईसारखा ऋणायन-विनिमयक लागतो, जो स्वतः धनप्रभारित असतो. लायसोझाइम त्याच पीएचला धन आहे, त्याला सीएमसारखा धनायन-विनिमयक, जो स्वतः ऋण असतो. विनिमयकाचं नाव तो काय धरतो त्यावरून आहे, त्याच्या स्वतःच्या प्रभारावरून नाही. प्रथिन ज्या पीएचला टिकतं तोच पीएच निवडायचा, हे वेगळं सांगायला नको, पण घाईत विसरलं जातं.

इन्सुलिन ग्लार्जिन हे पीआय मुद्दाम हलवून बनवलेलं औषध आहे. मानवी इन्सुलिनचा पीआय ५.४ च्या आसपास, म्हणून ७.४ ला ते आरामात विरघळलेलं राहतं. ग्लार्जिनमध्ये बी साखळीच्या शेवटी दोन आर्जिनिन जोडली आणि पीआय ६.७ च्या जवळ आला. कुपीत ते ४ पीएचला धनप्रभारित, स्वच्छ द्रावण असतं. त्वचेखाली ७.४ ला पोहोचताच पीआयच्या शेजारात येतं, बारीक गाळ बनतो आणि त्यातून इन्सुलिन हळूहळू सुटत राहतं. ए साखळीच्या शेवटचं ॲस्पराजिनही बदलून ग्लायसिन केलं आहे, कारण आम्ल द्रावणात ते अमाइड तुटलं असतं. पायरी ६ मधला जिलेटिनचा मुद्दा इथं औषधाच्या कुपीत निघाला.

पीआय प्रत्यक्ष मोजायचा असेल तर आयसोइलेक्ट्रिक फोकसिंग वापरतात. जेलमध्ये पीएचचा उतार तयार करून विद्युतदाब लावला की प्रत्येक प्रथिन आपल्या पीआयपर्यंत सरकतं आणि प्रभार संपल्यावर तिथंच थांबतं. नमुन्यातलं मीठ आधी काढून टाका, नाहीतर पट्टे पसरतात. प्रथिन पीआयला पोहोचल्यावर गाळ होऊ नये म्हणून युरिया आणि प्रभारहीन डिटर्जंट घालतात. युरियामुळे प्रथिनाची घडी उलगडते, म्हणून तिथं मिळालेला पीआय मूळ घडीतल्या प्रथिनाच्या पीआयपेक्षा थोडा वेगळा निघू शकतो. संगणकानं अनुक्रमावरून काढलेल्या आकड्याशी तुलना करताना त्या साधनानं पीकेएचा कुठला संच वापरला आहे, आणि अनुक्रमात पेशीनं नंतर कापून टाकलेला सुरुवातीचा संकेत-तुकडा तर राहिलेला नाही ना, हे आधी तपासा.